दुपट्ट्याखालची लढत

ज्या दोन माणसांनी एकमेकांना अजून हातसुद्धा लावलेला नाही, त्यांच्या मारामारीवरून गुलाबराव काळमेघ आमच्या प्रताप नगरातल्या चार घरांशी बोलत नाहीत. त्यातल्या एका घराला आपण अबोल्यात आहोत हे अजून माहीतच नाही. ते बिचारे दर दिवाळीला चिवडा पाठवतात आणि गुलाबराव तो दातओठ खात खातात.

ही दोन माणसं म्हणजे परदेशातले दोन व्यावसायिक मुष्टियोद्धे. नागपूर नावाचं गाव आहे हे दोघांनाही ठाऊक नसावं. तिथं आपल्यावर एक माणूस अंघोळीच्याही आधीपासून संतापलेला असतो, हे तर नाहीच. त्यांची खरी नावं गुलाबरावांच्या जिभेवर बसत नाहीत, म्हणून त्यांनी स्वतःच बारसं केलं. एक आहे तो ताडासारखा उंच, आणि लढताना तोंडानं सारखा फू फू करतो. तो 'खापरखेड्याची चिमणी'. दुसरा बेतानं मारतो, मारलं की दोन पावलं मागं सरतो, बारा राउंड मनातल्या मनात हिशेब ठेवतो आणि शेवटी पंचांच्या गुणांवर जिंकून घरी जातो. तो 'मुनीम'.

चिमणी हे नाव माझ्यामुळे पडलं. मी खापरखेड्याच्या वीज केंद्रात भांडार विभागात आहे. नटबोल्ट देतो, नटबोल्ट घेतो. गुलाबराव मला 'इंजिनियरसाहेब' म्हणतात. मी इंजिनियर नाही, असं एकदा नम्रपणे सांगून पाहिलं. ते डोळे वटारून म्हणाले, "मंग चिमणी पडली तर मी कोणाले विचारू?"

चिमणी विरुद्ध मुनीम ही लढत कित्येक वर्षांपासून 'होणार' आहे. कधी चिमणीचा खांदा दुखतो, कधी मुनिमाचा वकील. मध्यंतरी चिमणीनं संन्यास घेतला आणि पावसाळा संपायच्या आत परत केला. अशी प्रत्येक बातमी गुलाबराव आमच्या सामायिक कुंपणाच्या भिंतीवर आपटतात.

"वाचलं का? पुन्हा ढकलली पुढं. म्हणे खांद्यात चमक निघाली. चमक? कळमन्याच्या बाजारात आमचे हमाल चमक घेऊन ट्रक खाली करत. अन् ह्याले दोन हात हालवाचे आहेत फक्त."

"दुखत असेल हो."

"कायले दुखते? वापरला कधी त्यानं खांदा? अन् हे चार चार पट्टे काहून आहेत मले सांगा. एका वजनाले चार चॅम्पियन. एका घराले चार जावई असते काय?"

पोरी चार असल्या तर असतात, हे मी मनात म्हटलं. मोठ्यानं म्हणण्यासाठी वेगळी छाती लागते.

आवाजाबद्दल काय सांगू. एकदा ते कुंपणापाशी उभे राहून "मुनीम भित्रा आहे" एवढंच म्हणाले, तर पलीकडच्या चौकात एका स्कूटरवाल्यानं करकचून ब्रेक मारला. मी पाहिलं नाही, पण तो स्कूटरवाला मला भेटला आहे. नाक्यावरच्या पोहेवाल्यानं "मुनीमच भारी आहे बाप्पा" असं पोह्यांवर चण्याची तर्री ओतता ओतता म्हटलं, तर गुलाबरावांनी निषेध म्हणून महिनाभर कोरडे पोहे खाल्ले. नागपूरच्या माणसानं बिनतर्रीचे पोहे खाणं म्हणजे काय, हे बाहेरच्याला कळणार नाही. तिसऱ्या आठवड्यात पोहेवाल्याच्याच डोळ्यात पाणी यायला लागलं. आणि एका लग्नात कोणीतरी आहेर देता देता विचारलं, "काकाजी, चिमणीचा डावा हात एवढा काय विशेष?" गुलाबरावांनी स्टेजवरच तो डावा हात करून दाखवला. नवरदेव वेळेवर खाली वाकला म्हणून वाचला. तो आजही घरात आवाज चढला की तसाच वाकतो आणि संसार सुखाचा चालला आहे म्हणतो.

एवढं करून गुलाबरावांचा अंदाज बरोबर येतो का? कधीच नाही. पण त्याबद्दल त्यांना कधी शरमिंदं होताना मी पाहिलं नाही. "माहा अंदाज बरोबर होता," ते म्हणतात, "तो माणूस चुकीचा लढला."

आता हा अंदाज द्यायची त्यांची रीत सांगायला हवी, कारण पुढचं सगळं तिच्यावर आहे.

गुलाबरावांचा उभा जन्म कळमन्याच्या बाजारात संत्र्याची अडत करण्यात गेला. आता गादीवर मुलगा बसतो. त्यांच्या तरुणपणी तिथं जुने लोक भाव तोंडानं सांगत नसत. समोरासमोर बसायचं, हातांवर दुपट्टा टाकायचा आणि आत एकमेकांची बोटं दाबून सौदा करायचा. भोवती पन्नास माणसं उभी असली तरी कोणाला पत्ता नाही. पुढे उघडी बोली आली आणि दुपट्टे खांद्यावर परत गेले. गुलाबरावांच्या बोटांनी मात्र राजीनामा दिला नाही. ते मुष्टियुद्धाचे अंदाज दुपट्ट्याखाली देतात आणि घेतात.

हिशेब सोपा आहे. अंगठा धरला तर पहिल्या नावाचा जिंकेल, करंगळी धरली तर दुसऱ्या नावाचा. मग जितकी बोटं दाबाल तितव्या राउंडला समोरचा आडवा. पाचाच्या वर जायचं तर आधी सगळा पंजा दाबायचा, मग वरची बोटं. आणि तळव्यावर तळवा ठेवला तर 'पुरे बारा', म्हणजे कोणीच पडत नाही, निकाल गुणांवर.

"तोंडानं सरळ सांगितलं तर काय बिघडेल?" मी पहिल्यांदा हात आत घालताना विचारलं होतं.

"तोंडाचा अंदाज रात्रीतून फिरते, साहेब. सकाळी माणूस म्हणते मी असं बोललोच नव्हतो. बोट नाही फिरत." मग डोळे बारीक करून, "तोंडानं नको, बोटानं बोला. अन् बाहेर भाव फोडाचा नाही."

मी आपला तळव्यावर तळवा ठेवला. कोणाला मारायला नको, या विचारानं. गुलाबरावांनी विंचू चावल्यासारखा हात बाहेर ओढला. "पुरे बारा? दादाचे चेले झाले तुम्ही."

दादा म्हणजे नामदेवराव, त्यांचे थोरले भाऊ. काटोलकडे त्यांची संत्र्याची बाग होती. दादांनी पिकवायचं आणि गुलाबरावांनी विकायचं. दादा पेरणीच्या आधीही विचार करत, नंतरही करत. त्यांचा अंदाज कायम एकच असे: पुरे बारा. चिमणी असो, मुनीम असो, आजचा चॅम्पियन असो की चाळीस वर्षांपूर्वी हातमोजे खुंटीला टांगलेला म्हातारा असो, दादांचा तळवा शांतपणे येऊन गुलाबरावांच्या तळव्यावर बसे आणि ओठाचा डावा कोपरा तेवढा वर जाई. त्या एका कोपऱ्यानं गुलाबरावांचं जितकं रक्त आटवलं तितकं मधुमेहानंही आटवलं नाही.

"कोणीच नाही पडत?" गुलाबराव ओरडत. "तुह्या जगात माणसं पडतच नाहीत काय गा?"

"पडले तर पडले," दादा म्हणत. "आपुन काहून पाडाचे?"

यावर गुलाबराव ताडकन उठून फाटकापर्यंत जात, फाटक आपटत, आणि चहा आला की परत येत. असं दर रविवारी, दादा काटोलकडून गुलाबरावांकडे येत तेव्हा. परदेशातल्या लढती आपल्याकडे रविवारी सकाळी दिसतात. नसली लढत तर 'झाली तर काय होईल' यावर भांडण. मला तर वाटतं, नसलेल्या लढतींवर ते जास्त मनापासून भांडत. असलेली लढत तासाभरात संपते.

गेल्या पोळ्यानंतर दादांना लकवा मारला. उजवी बाजू गेली आणि वाचा गेली. बाग बटईनं, म्हणजे अर्ध्या वाट्यावर, दुसऱ्याला कसायला देऊन त्यांचा मुलगा प्रशांत त्यांना आमच्या मागच्या गल्लीत स्वतःच्या घरी घेऊन आला. प्रशांत चांगला माणूस. चष्मा, थोडं पोट, दिवसभर लॅपटॉप. त्याची बायको वैशाली शाळेत शिकवते. दोघं फार काळजी घेत. खोलीत चपला काढून जात, हळू बोलत. दादांशी तर फारच हळू आणि प्रत्येक शब्द तोडून. "बा-बा. चहा. घ्या-यचा?"

गुलाबराव पहिल्या रविवारी गेले, दारातच उभे राहिले आणि ज्या आवाजात कळमन्यात ढीग विकले त्याच आवाजात म्हणाले, "काय गा दादा, लोळून काय राहिला? तुह्या मुनिमानं पुन्हा टांग मारली, फाइट ढकलली पुढं."

औषधाची बाटली कपाटात हलली म्हणतात. वैशाली स्वयंपाकघरातून धावत आली. गुलाबरावांनी दुपट्टा पसरला, दादांचा डावा हात आत घेतला आणि क्षणात लालबुंद होऊन उठले. "पुन्हा पुरे बारा? लकवा मारला तरी अक्कल नाही आली!"

दर रविवारी हेच व्हायला लागलं. शेवटी वैशालीनं त्यांना येऊ नका म्हणून सांगितलं. अगदी आदरानं, पण सांगितलं. "काकाजी, बाबांचं बीपी वाढते. तुम्ही आजारी माणसावर ओरडता."

तो आठवडा आमच्या गल्लीनं काढला कसा, ते आम्हालाच माहीत. गुलाबरावांनी दूधवाल्याला झापलं, वर्तमानपत्र फाडलं, आमच्या मांजरीला 'मुनीम' म्हणाले. नंतर प्रशांत माझ्याकडे आला.

"तुम्ही काकांना समजवा," तो म्हणाला. "आणि खरं सांगू? आम्ही शहराबाहेर एक केंद्र पाहिलंय. तिथं चोवीस तास माणसं असतात. आमच्याकडे बाई टिकत नाही, आम्ही दोघं दिवसभर बाहेर. बाबांना काय, इथं काय आणि तिथं काय. त्यांना काही कळतच नाही आता."

"गुलाबराव तर म्हणतात ते अंदाज देतात."

"काका म्हणतात." तो थकून हसला. "बाबा कोणाचाही हात धरतात हो. परवा नर्सचाही धरला."

मी हे सगळं शक्य तितकं मऊ करून कुंपणावरून सांगितलं. गुलाबराव ओरडले नाहीत. त्यांना न ओरडताना मी पाहिलेलं नव्हतं, त्यामुळे मला भीती वाटली. ते आत गेले, खांद्यावर दुपट्टा टाकून बाहेर आले आणि म्हणाले, "चाला."

"मी कशाला?"

"साक्षीदार पायजे. इंजिनियर माणसाचं ऐकतात लोक."

रविवारच होता. प्रशांतनं दार उघडलं, काकांना पाहून जरा बाजूला झाला. खोलीत दादा उशीला टेकून बसलेले. पांढरी दाढी नीट केलेली, पांघरूण नीट केलेलं. सगळं इतकं नीट की एखाद्या दुकानात मांडून ठेवल्यासारखं. वैशाली त्यांना म्हणत होती, "बा-बा. पाहा. कोण. आलं?" लहान बाळाशी बोलतात तशी.

आणि तिथं गुलाबराव फुटले.

"काहून वं, मेला काय तो?" ते म्हणाले. "मेलेल्या माणसापाशी बोलतात हळू. तो जिता आहे. माह्याहून शहाणा आहे, अन् हे मी आज पहिल्यांदा बोलून राहिलो. अन् तुमी त्याच्याशी 'च-हा घ्या, च-हा घ्या'. माह्या भावाले कोणी तोंडावर खोटं नाही पाडत आता, कोणी भांडत नाही, कोणी 'नाही' म्हणत नाही. असा माणूस कसा जगन बे?"

"काका, हळू," प्रशांत म्हणाला. "त्यांना कळत नाही. डॉक्टरांनीही सांगितलं की किती कळतं ते सांगता येत नाही."

"मंग माह्या अंदाजाले 'नाही' कोण म्हणते?"

"ते नुसता हात धरतात काका. नर्सचाही धरला होता."

"तिनं कोणती फाइट विचारली होती?"

गुलाबरावांनी दुपट्टा काढून दादांच्या मांडीवर अंथरला आणि माझ्याकडे वळले. "हात घाला."

"मी? तुम्ही घाला ना."

"माह्या हातावर हा पोट्टा भरोसा ठेवन काय? तुमी घाला. अन् जे लागन ते मोठ्यानं सांगा. आज भाव फोडाची परवानगी आहे."

मी पलंगाच्या कडेला बसून दुपट्ट्याखाली हात सारला. दादांचा डावा हात माझ्या हातात आला. कोरडा, खरखरीत आणि अपेक्षेपेक्षा जड.

"दादा," गुलाबराव म्हणाले. "चिमणी विरुद्ध..." आणि थांबले. त्यांची नजर खोलीभर फिरली. मुनिमाचं नाव घेतलं असतं तर सवयीनं आलेलं उत्तर कोणी मानलं नसतं, हे त्यांच्या अडत्याच्या डोक्यात आलं असावं. नजर प्रशांतवर येऊन थांबली. त्याच्या चष्म्यावर, पोटावर, हातातल्या मोबाइलवर. "चिमणी विरुद्ध हा तुहा पोट्टा. प्रशांत. बारा राउंडची फाइट. तोंडानं नको, बोटानं बोल."

आता निष्पक्षपणे विचाराल तर प्रशांत पहिल्या घंटेला स्टुलावरून उठता उठताच पडला असता. चिमणीला हात उचलायचीही गरज नव्हती, नुसती फू फू पुरली असती.

दादांचा हात काही वेळ तसाच पडून राहिला. वैशालीनं माझ्याकडे पाहिलं. प्रशांतनं दुसरीकडे पाहिलं. गुलाबराव दात आवळून उभे होते. कपाळावरची शीर अशी उडत होती, जणू आत कोणीतरी राउंड मोजतंय.

मग आत हालचाल झाली. दादांच्या बोटांनी माझा अंगठा चाचपला आणि सोडून दिला. तर्जनी चाचपली, सोडली. मधलं सोडलं, त्याच्या शेजारचं सोडलं. करंगळीपाशी आले आणि ती घट्ट धरली. काही क्षणांनी तीही सोडली, हात उलटा केला आणि आपला तळवा माझ्या तळव्यावर ठेवला.

"बोला ना," गुलाबराव गुरगुरले.

"दुसऱ्या नावाचा," मी म्हणालो. "प्रशांत. पुरे बारा. गुणांवर."

"अन्याव!" गुलाबराव कडाडले. "अरे, चिमणीसमोर हा पोट्टा बारा राउंड? ह्याले जिना चढताना दम लागते. दादा, तू पंच आहे का बाप आहे?"

आणि दादांच्या ओठाचा डावा कोपरा वर गेला.

तोच कोपरा. इतके रविवार मी तो कुंपणापलीकडून पाहिला होता. प्रशांतनंही लहानपणापासून पाहिला असणार, कारण त्यानं चष्मा काढला आणि तो पुसायचं विसरून नुसता हातात धरून उभा राहिला.

"बाबा," तो म्हणाला, शब्द न तोडता, नेहमीच्या आवाजात, "मी पहिल्याच राउंडला पडेन हो."

दुपट्ट्याखाली दादांचा तळवा माझ्या तळव्यावर पुन्हा दाबला गेला. आधीपेक्षा जोरात.

"नाही म्हणताहेत," मी म्हणालो.

प्रशांत पलंगाच्या दुसऱ्या बाजूला बसला. वैशाली आत गेली, आत भांड्यांचा उगाचच आवाज झाला आणि ती चहा घेऊन आली. पहिला कप तिनं गुलाबरावांना दिला. "काकाजी," ती म्हणाली, "पुढच्या रविवारी कोणाची आहे फाइट?"

"कोणाचीच नाही," गुलाबराव खेकसले. "सगळे भित्रे झाले."

"मग नसलेली ठेवा एखादी. मी पोहे करते."

त्या केंद्राचं नाव त्या घरात पुन्हा निघालं नाही. गुलाबरावांनी मात्र ह्या विजयाचा काही आनंद दाखवला नाही. चहा संपेपर्यंत ते पक्षपाती पंचांवर बोलत राहिले. पंचांना पोरंच असू नयेत, असं त्यांचं म्हणणं पडलं. मग कप खाली ठेवून मला म्हणाले, "सरका."

ते माझ्या जागेवर बसले. दुपट्टा नीट केला आणि दादांचा हात आत घेतला.

"शेवटची," ते म्हणाले. "तू अन् मी."

प्रशांत हसला. वैशालीही हसली. गुलाबराव हसले नाहीत, दादाही हसले नाहीत. दोघं एकमेकांकडे पाहत बसले, जुन्या सौद्याला बसावं तसे. दुपट्टा आधी थोडा हलला, नंतर हलायचा थांबला. पण हात बाहेर आले नाहीत. गुलाबरावांच्या कपाळावरची शीर खाली बसली. रागाशिवाय त्यांचा चेहरा मी प्रथमच पाहत होतो. वाटेत दिसला असता तर नमस्कार न करता पुढे गेलो असतो.

परत येताना त्या चिवडा पाठवणाऱ्या घरातले गृहस्थ दारात उभे होते. "काय म्हणता गुलाबरावजी?" त्यांनी विचारलं. गुलाबराव त्यांच्याशी बोलत नाहीत हे गुलाबरावही विसरले आणि "चाललं आहे" म्हणाले.

"काय सांगितलं दादांनी?" मी हळूच विचारलं. "कोण जिंकतं? कितव्या राउंडला?"

"भाव फोडत नसतो मी."

"मला तर सांगा. मी साक्षीदार."

ते पुढं चालत राहिले. तेव्हा माझ्या लक्षात आलं की दुपट्टा त्यांच्या खांद्यावर नव्हता. पलंगावरून उठताना तो जसा होता तसाच त्यांनी उजव्या हाताभोवती गुंडाळून घेतला होता, आणि तळव्यावर अजून काही ठेवलेलं असावं तसा तो हात छातीशी धरून ते चालत होते. त्यांच्या फाटकापाशी आम्ही थांबलो. त्यांच्या डाव्या हातात वैशालीनं दिलेला डबा होता. कडी काढायची तर उजवा हात दुपट्ट्यातून बाहेर काढावा लागला असता. ते कडीकडे पाहत राहिले. मग माझ्याकडे वळून नेहमीच्या आवाजात ओरडले,

"पाहून काय राहिले, इंजिनियरसाहेब? फाटक उघडा."

मी उघडलं.